डोंबिवलीच्या संख्येचे शेवटचे दोन अंक

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या बालपुरवणीतील कोड्याच्या उत्तरात १११११११११ या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३०० असा छापला आहे. तो १२३४५६७८९८७६५४३२१ असा हवा. चूक ओळखायला गुणाकारही करावा लागत नाही. विषम संख्येचा वर्ग विषमच येतो, आणि छापलेल्या उत्तरातली दोन शून्ये बाजूला केली, तर उरलेल्या संख्येच्या एककस्थानी ३ राहतो, जो कोणत्याही वर्गसंख्येच्या शेवटी येत नाही. स्प्रेडशीटमध्ये पंधराच अंक अचूक राहतात आणि पुढे शून्ये भरली जातात, तोच प्रकार येथे झालेला दिसतो.

माझ्या नातीने हा गुणाकार चौकटींच्या वहीत रीतसर केला होता. नऊ ओळी, प्रत्येक ओळीत नऊ वेळा एक, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे. त्यामुळे स्तंभांच्या बेरजा १ पासून ९ पर्यंत चढून पुन्हा १ पर्यंत उतरतात, आणि एकही बेरीज दहाला पोचत नसल्याने हातचा कुठेच येत नाही. दहा वेळा एक घेतला, की मधल्या स्तंभात दहा होतात, हातचा पुढे सरकतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असे उत्तर येते. चढण मोडते आणि डावीकडचा आठ नाहीसा होतो. म्हणजे ही नक्षी सतरा अंकांवरच संपते. आपल्या जुन्या स्थाननावांत हे सतरावे स्थान ‘मध्य’, परार्धाच्या एक पायरी खालचे.

या संख्येच्या मधला ९ झाकून दोन्ही बाजू मिळवून पाहाव्यात: १२३४५६७८ आणि ८७६५४३२१ यांची बेरीज ९९९९९९९९ येते, म्हणजे मधलाच अंक आठ वेळा. अशा संख्यांना गणितज्ञ द. रा. कापरेकर यांनी ‘डेम्लो संख्या’ म्हटले. डेम्लो म्हणजे आजची डोंबिवली. ही कल्पना त्यांना त्या स्थानकावर सुचली. डहाणूला १९०५ साली जन्मलेल्या कापरेकरांचे माध्यमिक शिक्षण आमच्या ठाण्यातच झाले आणि पुढे ते देवळालीला शिक्षक होते. लोकलच्या गर्दीखेरीज डोंबिवलीचे नाव हल्ली फारसे निघत नाही, तेव्हा कोड्याखाली या नात्याचा एका ओळीत उल्लेख शोभला असता.

छापील अक्षरावर लहान मुलांचा विश्वास असतो. नातीने पुरवणी पाहून आपले बरोबर आलेले ‘२१’ खोडरबराने पुसले आणि तिथे दोन शून्ये लिहिली. म्हणून येत्या रविवारी त्याच पानावर दुरुस्ती छापावी, ही विनंती. मात्र ती संख्या मजकूर म्हणूनच टाइप करावी. पुन्हा स्प्रेडशीटच्या चौकटीत आकडा म्हणून भरली, तर शेवटचे दोन अंक पुन्हा जातील.

आपला,
एक नियमित वाचक,
नौपाडा, ठाणे