माझी खोली त्याची आहे

लिस्बन, 14 डिसेंबर 2025

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, तिकडे मुलं अठराव्या वर्षी घर सोडतात ना, मग तुझ्या घरमालकिणीचा मुलगा तिशी उलटली तरी आईकडे कसा? मी 'रेंज नाही' म्हणून फोन ठेवला. रेंज होती. तो समोर जेवत बसला होता. मराठी कळत नाही त्याला, तरी मला अवघडल्यासारखं झालं.

मी राहते ती खोली त्याचीच आहे. कपाट जरा सरकवलं की भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा दिसतात, सहाव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंतची त्याची उंची. आता तो हॉलमध्ये सोफ्यावर झोपतो आणि मी चहाला उठायच्या आत चादरीची घडी करून ठेवतो. मी महिन्याला 500 युरो देते, त्यावर घरमालकिणीचं, म्हणजे दोनाचं, घर चालतं. (मी तिला नुसतं दोना म्हणते, म्हणजे बाई.) नवरा गेला, पेन्शन तुटपुंजी.

मुलगा आर्किटेक्ट आहे. रोज त्याच ऑफिसात, त्याच खुर्चीत बसतो, पण कागदोपत्री तो तिथला नोकर नाही. दर महिन्याला स्वतःच्या नावाची पावती फाडायची आणि पैसे घ्यायचे. इथे सगळे त्याला 'हिरवी पावती' म्हणतात. पूर्वी तो कागद हिरवा असायचा. आता सगळं ऑनलाइन झालं, नाव तेवढं राहिलं. इथल्या नोकरदाराला वर्षाचे चौदा पगार मिळतात, एक सुट्टीचा, एक नाताळचा. पावतीवाल्याला काम केलं तेवढ्याचेच. देशातला किमान पगार यंदा, 2025 मध्ये, 870 युरो आहे आणि लिस्बनमध्ये एका बेडरूमचं बरं घर हजाराच्या खाली मिळत नाही. हिशेब तुम्हीच करा.

गुरुवारी इथे देशभर संप झाला. नोकरीवरून काढणं सोपं करणारे, तात्पुरती कंत्राटं लांबवणारे बदल सरकारला कामगार कायद्यात करायचे आहेत. 2013 नंतर पहिल्यांदाच दोन्ही मोठ्या कामगार संघटना एकत्र उतरल्या. मेट्रो बंद, मी पायी गेले. एसटीच्या संपात आपला स्टँड कसा ओस पडला होता, ते आठवलं. दोनाचा मुलगा मात्र कामावर गेला. म्हणाला, मी संप करायचा तर मालक कोण, मीच ना?

असं का झालं, हे दोना भाजी चिरता चिरता सांगते. 2011 ला देश कर्जात बुडाला, 78 अब्ज युरोंची मदत घ्यावी लागली, तिच्या अटींखाली पगार-पेन्शनला कात्री लागली. 2012 ला जुन्या भाड्यांवरचा अंकुश सुटला. त्याच वर्षी सरकारने परदेशी लोकांना सांगितलं, पाच लाख युरोंचं घर घ्या, राहायचा परवाना घ्या. 2023 मध्ये घरांपुरतं ते बंद केलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं. आमच्या इमारतीच्या दाराशी आकड्यांची कुलपं लावलेल्या चाव्यांच्या तीन डब्या लटकतात, पर्यटकांसाठी. त्या तिन्ही घरांतली माणसं कुठे गेली, हे दोनाला नावानिशी माहीत आहे. पस्तिशीपर्यंतच्यांना आता आयकरात भरघोस सवलत आहे. घरभाड्यात नाही.

बाबा, कोस्ता इथले पंतप्रधान झाले तेव्हा 'आपल्या मडगावचा' म्हणून तुम्ही पेढे आणले होते. 2015 पासून 2024 पर्यंत तेच होते. त्यांच्याही काळात भाडी वाढतच राहिली, हे इथली पोरं विसरत नाहीत. मेच्या निवडणुकीत शेगा हा बाहेरून आलेल्यांच्या विरोधातला कडवा उजवा पक्ष 230 पैकी 60 जागा घेऊन दुसरा आला. 2019 मध्ये त्यांची एक जागा होती! जानेवारीत राष्ट्राध्यक्षपदासाठी त्यांचाच नेता उभा आहे आणि त्याच्या फलकांवर लिहिलंय, 'हे बांगलादेश नव्हे'. दोनाच्या मुलाचा मित्र त्यांना मत देतो. मला म्हणाला, ते तुझ्याबद्दल नाही गं. मग कुणाबद्दल? खाली भाजीच्या दुकानात रात्री अकरापर्यंत उभा असतो तो बांगलादेशातल्या सिल्हेटचा पोरगा. तोही सहा जणांत एक खोली करून राहतो. राग खरा आहे, पण चुकीच्या दारावर धडका मारतो. आणि आई, काळजी करू नकोस, मला कुणी काही बोललेलं नाही.

इथेही चाकरमानी आहेत. ऑगस्टमध्ये फ्रान्सहून गाड्या भरभरून उत्तरेकडच्या गावांत येतात, अगदी आपल्याकडे गणपतीला येतात तसे, आणि महिना संपला की घरांना पुन्हा कुलपं. दोनाचा भाऊ तसाच गेला होता. आता मुलगा जातोय, जानेवारीत, रॉटरडॅमला. तिथे पगारपत्रक मिळणार. काल त्याची बॅग मीच वजन करून दिली. ऑलिव्ह तेलाचे दोन डबे काढायला लावले, एक दोनाने परत घातला.

तो गेल्यावर हॉल त्याच्यासाठी मोकळा ठेवायचा की तोही भाड्याने द्यायचा, यावर दोनाचं ठरत नाहीये. काल रात्री तिने मला विचारलं, तू घर सोडलंस त्या पहिल्या रात्री तुझी आई काय करत होती? मला माहीतच नव्हतं. आई, पुढच्या फोनला सांग. मी तिला पोर्तुगीजमध्ये सांगेन.

तुमची,
मनू