रिमोटचे कोड माहितीपुस्तिकेत छापा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर घरच्या घरी युनिव्हर्सल रिमोट कसा करावा, यावरचा लेख वाचला. लेख उत्साहाने लिहिलेला आहे, पण सोबतच्या आकृतीत इन्फ्रारेड एलईडी एका रेझिस्टन्समधून थेट पायच्या पिनला जोडलेला दाखवला आहे. टीव्ही दुरुस्त करण्यातच माझं आयुष्य गेलं, त्यामुळे मजकुराआधी नजर आकृतीवर जाते. पायच्या एका पिनमधून १६ मिलिअँपिअरच्या वर करंट ओढू नये. तेवढ्यावर एलईडी पेटतो खरा, टेबलावर हातभर अंतरावरून टीव्हीही ऐकतो, पण पलंगावर जाऊन बसलं की काही हलत नाही. मग माणूस प्रोग्रॅम उचकत बसतो. प्रोग्रॅममध्ये काही दोष नसतो, उजेडच पुरत नसतो.

मध्ये ट्रान्झिस्टर हवा, म्हणजे पिनच्या छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करता येतो. २एन२२२२ सहज चालतो. त्याच्या तीन टोकांची जोडणी अशी: पिनवरून ४७० ओहममधून बेसला, एमिटर ग्राउंडला, आणि ५ व्होल्टवरून २२ ओहमचा रेझिस्टन्स व दोन एलईडी एकामागे एक असे कलेक्टरला. साधारण १०० मिलिअँपिअर मिळतात, तेही तुटक तुटक, म्हणून एलईडी तापत नाहीत. दोन्ही एलईडींची तोंडं थोडी फाकवून ठेवली की नेम धरावा लागत नाही. एलईडी पेटतो की नाही हे मोबाइलच्या कॅमेऱ्यात बघावं, जांभळट ठिपका दिसतो. मागच्या कॅमेऱ्याला बहुधा इन्फ्रारेड अडवणारी काच असते, तेव्हा पुढचा कॅमेरा वापरावा.

दुसरी दुरुस्ती रिसीव्हरची, म्हणजे जुन्या रिमोटचा उजेड टिपणाऱ्या भागाची. लेखात टीसॉप १७३८ सांगितला आहे. तो ५ व्होल्टचा, आणि त्याचं आउटपुटही ५ व्होल्टपर्यंत चढतं. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, त्यांना ५ सोसत नाहीत. टीसॉप ३८२३८ घ्यावा, तो २.५ व्होल्टपासून चालतो. मात्र घुमटाच्या बाजूने पाहिलं तर १७३८ च्या पिना ग्राउंड, सप्लाय, आउटपुट अशा आहेत आणि ३८२३८ च्या आउटपुट, ग्राउंड, सप्लाय अशा. एकाच्या जागी दुसरा तसाच खोचला तर सप्लाय उलटा बसतो आणि बोट भाजतं.

हे झालं आकृतीचं. माझा मुख्य आक्षेप लेखातल्या एका वाक्याला आहे: ‘जुन्या रिमोटची सगळी बटणं एकदा नोंदवून घेतली की काम फत्ते.’ तसं होत नाही, आणि का होत नाही हे वाचकांना कळायला हवं.

मी हा खटाटोप आईसाठी केला. तिला आता नीट दिसत नाही आणि बोटं थरथरतात. कंपनीच्या रिमोटवर चाळीसेक बटणं, त्यातली कामाची चार. मी मोठी, तळव्याने दाबता येतील अशी चार बटणं एका डब्यावर बसवली: चालू-बंद, आवाज जास्त, आवाज कमी, बातम्या. डब्यात पाय झीरो, म्हणजे रास्पबेरी पायचाच छोटा प्रकार. लिनक्सचा, म्हणजे पायवर चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा भाग भाचीचा, सोल्डरिंग माझं. कापऱ्या बोटाने बटण एकदा दाबलं तरी कॉन्टॅक्ट दोन-तीनदा लागतो, त्यामुळे टीव्ही लागून लगेच बंद व्हायचा. भाचीने एकदा दाबल्यावर पुढचा अर्धा सेकंद काही ऐकायचंच नाही असं करून दिलं. आवाजाच्या बटणांना मात्र ती सवलत नको म्हणाली, ‘मामा, आजी ते धरूनच ठेवणार.’ ते बरोबर होतं. आईला डबा दिला तेव्हा तिने एवढंच विचारलं, ‘मग बाकीची बटणं त्यांनी दिलीच कशाला होती?’ याचं उत्तर माझ्याकडे नाही.

आता नोंदवण्याकडे वळतो. पायच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘जीपीआयओ-आयआर’ ही ओळ घालून पुन्हा सुरू केलं की ‘आयआर-सीटीएल’ ही आज्ञा रिसीव्हरचं म्हणणं पडद्यावर दाखवते. (जुन्या लेखांतला ‘लर्क-आरपीआय’ ड्रायव्हर नव्या कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, नाही, त्याच्या मागे लागून वेळ घालवू नये.) बटण दाबलं की आकड्यांची रांग येते: अधिक ९०००च्या आसपास, उणे ४५००, मग अधिक ५६०, उणे ५६०, अधिक ५६०, उणे १६९०, असं पुढे. अधिक म्हणजे उजेड, उणे म्हणजे अंधार, सगळं मायक्रोसेकंदांत. सुरुवातीचा ९ मिलिसेकंदांचा लांब झोत टीव्हीला जागं करतो. पुढे प्रत्येक छोट्या झोतानंतरचा अंधार आखूड असेल तर शून्य, लांब असेल तर एक. असे ३२ बिट: आठ पत्त्याचे, आठ तोच पत्ता उलटा करून, आठ हुकमाचे, आठ तोच हुकूम उलटा करून. टीव्ही सुलटं-उलटं ताडून बघतो आणि जुळलं नाही तर सोडून देतो. बटण धरून ठेवलं तर दर ११० मिलिसेकंदांना नुसती ‘तेच चालू’ एवढी खूण जाते. ही एनईसी या जपानी कंपनीची पद्धत, आणि ती एकदा समजली की रिमोटबद्दलचं सगळं गूढ उतरतं. आयुष्यभर रिमोट उघडून कार्बनचे पॅड पुसले, पण आत काय बोलणं चालतं ते मी असं आकड्यांत प्रथमच वाचलं.

पण या आकड्यांत एक गोष्ट नसते. रिमोटचा उजेड नुसता लागत-विझत नाही, प्रत्येक झोताच्या आत तो सेकंदाला हजारो वेळा लुकलुकतो. एनईसीत ३८ किलोहर्ट्झ, फिलिप्सच्या आरसी-५ मध्ये ३६, सोनीत ४०. ऊन आणि दिवे यांच्या गदारोळातून रिमोट वेगळा ओळखू यावा म्हणून ही युक्ती. टीसॉप हे लुकलुकणं गाळून फक्त झोताची लांबी पुढे देतो. म्हणजे नोंद केली त्यात मूळ वारंवारता उरतच नाही! ३८ चा रिसीव्हर ३६ आणि ४० सुद्धा जवळून ऐकतो, त्यामुळे नोंद बिनचूक होते. पण तीच नोंद ३८ वर परत पाठवली की ४० वर ऐकायला बसलेला टीव्ही लांबून दाद देत नाही. आकृतीतल्या एलईडीसारखीच लक्षणं, कारण निराळं. मेकॅनिकलासुद्धा चकवेल असा हा प्रकार आहे.

आरसी-५ ची आणखी एक खोच. त्याच्या १४ बिटांमधला एक बिट दर वेळी बटण नव्याने दाबलं की पालटतो. टीव्हीला त्यावरून कळतं की १ धरून ठेवला आहे की दोनदा दाबला आहे. नोंदवलेल्या आकड्यांत हा बिट गोठलेला असतो. मग ११ नंबरचा चॅनेल लावायला तीच नोंद लागोपाठ दोनदा पाठवा, टीव्ही १ वरच थांबण्याची शक्यता जास्त. यावर उपाय म्हणजे आकडे जसेच्या तसे न पाठवता पद्धत ओळखून कोड नव्याने तयार करायचा. लिनक्सला आरसी-५, एनईसी, सोनी या पद्धती येतात. पण कोड कुठला आणि पद्धत कुठली, हे आधी ठाऊक पाहिजे ना?

सगळ्यात मोठी अडचण चालू-बंदची. बहुतेक रिमोटवर दोन्हीला एकच बटण आणि एकच कोड. आईच्या बातम्यांच्या बटणाने टीव्ही बंद असेल तर आधी लावायला हवा आणि मग चॅनेल बदलायला हवा. पण टीव्ही आधीच चालू असेल तर तोच कोड त्याला बंद करतो. इन्फ्रारेड एकतर्फी आहे, डब्याला टीव्हीकडून काही कळत नाही. नव्या टीव्हीत एचडीएमआयच्या केबलमधल्या सीईसी तारेवरून, जिच्यावर उपकरणं एकमेकांशी बोलतात, विचारता येतं, आमच्या जुन्यात ती सोय नाही. शेवटी मी टीव्हीच्या यूएसबीवरून वायर काढली. आमच्या टीव्हीत, आणि इतरही पुष्कळ टीव्हींत, यूएसबीला ५ व्होल्ट येतात ते टीव्ही चालू असतानाच. १० आणि २० किलोओहमचे दोन रेझिस्टन्स लावून ते ३.३ वर आणले आणि पायच्या एका पिनला दिले. झालं काम, पण ही पळवाट आहे. खरी गंमत अशी की अनेक टीव्हींना ‘फक्त चालू’ आणि ‘फक्त बंद’ असे वेगळे कोडही समजतात. रिमोटवर त्यांची बटणंच नसतात, आणि जे बटण नाही ते नोंदवणार कसं?

एसीचं आणखी तिसरंच. एसीच्या रिमोटवर अधिकचं बटण दाबलं तर ‘एक अंश वाढव’ असा निरोप जात नाही. तापमान, कूल की ड्राय, पंख्याचा वेग, पात्याची हालचाल, सगळी अवस्था दर वेळी पूर्ण जाते, आणि शेवटी बेरजेची पडताळणी. रिमोटच्या पडद्यावरचा २४ हा आकडा रिमोटच्या स्वतःच्या आठवणीतला असतो. म्हणून अधिकचं बटण नोंदवून उपयोग नाही, ‘२४, कूल, पंखा मध्यम’ अशी पूर्ण अवस्थाच एका नोंदीत धरावी. दोन-तीन अवस्थांवर भागत असेल तर ठीक. सगळ्या हव्या असतील तर कुठला बिट कशाचा हे हुडकत बसणं आलं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, एसी, जे जे इन्फ्रारेडवर चालतं त्या प्रत्येकाच्या माहितीपुस्तिकेत अर्धं पान रिमोटच्या कोडना द्यावं: पद्धत, वारंवारता, पत्ता, प्रत्येक बटणाचा कोड, आणि ज्याला बटण नाही असे कोडही. एसीवाल्यांनी निरोपातला कुठला बिट कशाचा आणि पडताळणीची बेरीज कशी करायची ते छापावं. सुरक्षिततेच्या इशाऱ्यांना त्याच पुस्तिकेत पानंच्या पानं मिळतात, तेव्हा जागा नाही असं कोणी म्हणू नये.

कोणी म्हणेल, कोड उघड केले तर टवाळखोर दुसऱ्याचे टीव्ही बंद करतील. ते २००४ पासून होतंच आहे. मिच ऑल्टमन यांचं ‘टीव्ही-बी-गॉन’ हे किल्लीच्या जुडग्याला अडकवण्याएवढं यंत्र एका बटणावर बंद करायचे कोड ओळीने पाठवत राहतं. ज्याला खोडी काढायची त्याच्याकडे कोड आहेत. नाहीत ते ज्याचा रिमोट पडून फुटला त्याच्याकडे. आणि इन्फ्रारेड भिंतीपलीकडे जात नाही.

दुसरं म्हणतील, बाजारात शिकणारे रिमोट आहेत की. आहेत, आणि बऱ्याच वर्षांपासून आहेत. ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियॅक यांनी १९८७ मध्ये ‘कोअर’ नावाचा असा रिमोट काढला होता. पण शिकणारा रिमोट मूळ रिमोट समोर धरूनच शिकतो. आणि माझ्या धंद्यातला अनुभव असा की टीव्हीच्या आधी रिमोट मरतो. सेल गळून पट्ट्या गंजतात, पॅडचा कार्बन झिजतो, पाणी जातं. नेमकी जेव्हा गरज, तेव्हा शिकवायला कोणी नसतं. कोडच्या याद्या घातलेले तयार रिमोट मिळतात, पण त्यांत आपलं मॉडेल सापडलं तर सापडलं, आणि सापडलं तरी निम्मी बटणं मुकी.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नुसता रिमोटच करायचा असेल तर पायची गरज नाही. ३८ किलोहर्ट्झचं एक आवर्तन सव्वीस मायक्रोसेकंदांचं, आणि लिनक्स शंभर कामांत गुंतलेलं असतं, म्हणून तिथे प्रोग्रॅमने पिन हलवण्याऐवजी हार्डवेअरच्या पीडब्ल्यूएमवर, म्हणजे ठरावीक वेगाने आपोआप लुकलुकवणाऱ्या चिपमधल्या भागावर, पाठवणं बरं. ईएसपी३२ सारखा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एकच प्रोग्रॅम चालवणारी छोटी चिप, हे निमूटपणे करतो, वीज आली की लगेच तयार होतो, आणि वीज गेल्यावर बिघडायला त्यात पायसारखं मेमरी कार्डच नसतं. आमच्या डब्यात भाचीने कार्ड फक्त वाचण्यापुरतं करून ती भीती घालवली आहे. पाय घेतला तो एवढ्यासाठी की तिला घरातल्या वायफायवरून आजीचा टीव्ही बघता आला पाहिजे होता, म्हणजे चालू आहे की बंद तेवढंच. त्या पानाला तिने पासवर्ड लावला आहे. वाचकांनीही लावावा.

कंपन्या छापतील तेव्हा छापतील. रिमोट चालू आहे तोवर रिसीव्हर लावून त्याचं प्रत्येक बटण आजच नोंदवून ठेवावं. फाइलच्या नावात टीव्हीच्या मागच्या पट्टीवरचा पूर्ण मॉडेल नंबर घालावा, ‘हॉलमधला टीव्ही’ असं लिहू नये. एकच बटण लागोपाठ दोनदा नोंदवून दोन्ही रांगा शेजारी ठेवाव्यात. एखादाच बिट पालटलेला दिसला तर वर सांगितल्याप्रमाणे ती नोंद जशीच्या तशी पाठवून चालणार नाही. परत पाठवताना ३६, ३८ आणि ४० तिन्ही करून बघावेत, टेबलावरून नव्हे तर खोलीच्या पार टोकावरून, आणि ज्यावर टीव्ही सर्वांत लांबून ऐकेल तो आकडा त्याच फाइलमध्ये लिहून ठेवावा.

आपला,
एक निवृत्त टीव्ही मेकॅनिक