दुसरा बॅकअप पूररेषेच्या बाहेर ठेवा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत घरच्या डेटाच्या बॅकअपवर लेख आलेला तो वाचला, लेख चांगलाच आहे, घरात छोटा स्टोरेज सर्व्हर (सगळ्यांचा डेटा साठवणारं मशीन) ठेवा आणि बॅकअपसाठी अजून एक घ्या हे सगळं बरोबर सांगितलंय, पण तो दुसरा ठेवायचा कुठं यावर अख्ख्या लेखात एक ओळ नाही. सांगलीच्या पेपरात हे सुटून कसं चालेल? खणभाग, गावभाग, गणपती पेठ, मारुती चौक, या पट्ट्यात राहणाऱ्यानं दोन्ही मशीन एकाच कपाटात ठेवली तर दोन घेतली काय नि चार घेतली काय, सगळी एकदमच जाणार.

माझा लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा धंदा आहे, एका लग्नाचाच डेटा आजकाल दोनशे-तीनशे जीबी होतो आणि पार्टी पाच वर्षांनी पण येते, आजोबांचा एक फोटो काढून द्या म्हणून, त्यांना नाही म्हणता येत नाही. पूर्वी बरेच जण गूगल फोटोजवर निवांत होते, पण १ जून २०२१ पासून ते फुकट अनलिमिटेड बंद झालं, आता १५ जीबी, त्यातच मेल पण. मग घरोघरी सर्व्हर आले. सिनॉलॉजी कंपनीचा तयार डबा घ्या नाहीतर जुन्या पीसीवर ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट हे सर्व्हरचं सॉफ्टवेअर टाका, दोन डिस्क, रेड वन (दोन्ही डिस्कवर तोच डेटा), झालं असं लोकांना वाटतं. दुकानदार पण तेच सांगतो, रेड लावलाय ना मग बॅकअप कशाला. अहो, रेड म्हणजे एक डिस्क उडाली तर काम थांबू नये म्हणून केलेली सोय. एका डिस्कवरनं फोल्डर डिलीट झालं की दुसरीवरनं पण त्याच क्षणी जातं, व्हायरसनं फाईली लॉक केल्या तर दोन्हीकडं लॉक, आणि पाणी आलं तर ते काय एकाच डिस्कपाशी थांबणारे का.

पाण्याचं सांगायचं तर कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट इशारा पातळी, ४५ धोका पातळी, हे इथल्या पोराटोरांना पाठ आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. माळ्यावर ठेवलंय म्हणून बिनघोर राहणाऱ्यांनी तो आकडा आठवावा, तळमजल्याचा माळा कुठं राहतो अशा वेळी. २००५ ला आला, २०१९ ला आला, २०२१ ला आला, त्यामुळं पुन्हा येणार का हा प्रश्नच नाही. हार्डडिस्क एकदा हातात घेऊन नीट बघा, तिच्या अंगावर एक बारीक भोक असतं, आतबाहेर हवेचा दाब सारखा राहावा म्हणून, आणि शेजारी छापलेलं असतं की हे बुजवू नका. हेलियम भरलेल्या मोठ्या डिस्क सीलबंद येतात त्या सोडा, पण बाकी डिस्कमध्ये पुराचं गाळाचं पाणी तिथनंच आत शिरतं. रिकव्हरीवाले काढून देतात कधी कधी, पण त्या बिलात दुसरा सर्व्हर आरामात येतो.

जाणकार ३-२-१ चा नियम सांगतात, तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या जागी. आपल्याकडं या "दुसऱ्या जागी"चा हिशोब पूररेषेवर करावा लागतो. पाटबंधारेवाल्यांच्या नकाशात निळी रेषा २५ वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची असते, लाल १०० वर्षांतल्या पुराची. प्लॉट घेताना लोक हे बघतात (निदान बघावं), सर्व्हर ठेवताना पण लालच्या बाहेरचं घर शोधा. विश्रामबागला, कुपवाडला, मिरजेत वरच्या अंगाला कुणी ना कुणी पाहुणा असतोच प्रत्येकाचा.

आमचा दुसरा डबा मिरजेत मेव्हण्यांच्या घरी आहे आणि त्यांचा एक आमच्याकडं, म्हणजे कुणाचं कुणावर उपकार नको. दोन्हीकडं डिस्क एनक्रिप्ट केलेल्या, म्हणजे पासवर्डशिवाय आतलं वाचता येत नाही, मेव्हणे असले तरी गिऱ्हाईकांचे फोटो आहेत ते. पहिली कॉपी मात्र नेटवरनं करायला जाऊ नका. वीस एमबीपीएसच्या अपलोडनं एक टीबी चढायला साडेचार दिवसांच्या वर लागतात, तेच घरात दोन्ही मशीन केबलनं जोडली तर तीन तासांत होतं, मग डबा गाडीवर मांडीत घेऊन मिरजेला. त्यानंतर आरसिंक नावाचा प्रोग्राम फक्त बदललेलं तेवढंच पाठवतं, रात्री दोनला सुरू केलं की बहुतेक वेळा सकाळच्या चहाआधी संपलेलं असतं. मोबाईल कंपन्यांच्या आणि बऱ्याच लोकल नेटवाल्यांच्या कनेक्शनला स्वतंत्र पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता) मिळत नाही, सीजीनॅट म्हणतात त्याला, त्यामुळं बाहेरनं थेट घरच्या मशीनला जोडताच येत नाही. तिथं टेलस्केल लावा, दोन्ही मशीनना खाजगी वाटेनं जोडणारं सॉफ्टवेअर, राउटरमध्ये काही खुडबुड करावी लागत नाही.

एक गोष्ट मात्र बारकाईनं करा. घरच्या सर्व्हरनं मिरजेला डेटा ढकलायचा नाही, मिरजेच्या डब्यानं घरनं ओढून घ्यायचा. मिरजेचा पासवर्ड घरच्या मशीनवर नसेल तर घरी व्हायरस शिरला तरी तो तिथपर्यंत पोचत नाही. आणि तिकडं झेडएफएस या फाईल सिस्टीमचे स्नॅपशॉट (त्या-त्या वेळच्या डेटाची गोठवलेली अवस्था) चालू ठेवा, म्हणजे आज चुकून उडवलेलं गेल्या आठवड्याच्या स्नॅपशॉटमधनं परत काढता येतं. नुसतं सिंक लावून बॅकअप म्हणणारे लई आहेत, इथलं खराब झालं की तिथलं पण खराब, याला काय अर्थ आहे.

विजेची काळजी कुणी करू नये, दोन डिस्कचा डबा वीस वॅटच्या आसपास खातो, महिन्याला चौदा-पंधरा युनिट. जुना साठ वॅटचा पीसी वापरलात तर त्रेचाळीस, तेवढ्यासाठी तो रात्रीपुरताच चालू ठेवता येतो. खरी अडचण वेगळीच. मेव्हण्यांचा धाकटा मोबाईल चार्ज करायला सर्व्हरचाच प्लग काढायचा. शेवटी वहिनींनी कपाटामागच्या बोर्डवर चिकटपट्टी मारून "हात लावशील तर बघ" असं लिहिलं, कुठल्याही यूपीएसपेक्षा त्याचा उपयोग जास्त झालाय. तरी यूपीएस पण घ्याच. आणि महिन्याकाठी एखादा फोल्डर तिकडनं परत उतरवून उघडून बघायचा, फोटो उघडला तर बॅकअप आहे, हिरवा टिक आला म्हणून नाही.

हे घरापुरतं झालं. नगर वाचनालयाची पुस्तकं पुरात भिजली ते सगळ्या गावानं बघितलंय. आता संस्था जुनं दप्तर स्कॅन करून घ्यायला लागल्यात, पतसंस्थांचे हिशोब कॉम्प्युटरवर गेलेत, आणि त्या स्कॅनची हार्डडिस्क कुठं असते? त्याच ऑफिसच्या तळमजल्यावर, टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. वालचंद कॉलेज विश्रामबागला आहे, तिथल्या पोरांना प्रोजेक्ट म्हणून नदीकाठच्या एकेका वाचनालयाचा दुसरा डबा लावून द्यायला सांगितलं तर खर्च दोन डिस्कचा आणि एका जुन्या पीसीचा. आपल्या पेपरनं हा विषय धरून लावावा, पण पावसाळ्याच्या आधी, कोयनेतनं विसर्ग वाढला की मग कुणाला सर्व्हर आठवणार नाही, आधी म्हातारी माणसं नि जनावरं हलवायची असतात.

आपला,
एक नियमित वाचक
खणभाग, सांगली