आधी कुकर, मग आंघोळ

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "बाबा, साडेआठला घरी पोचल्यावर काय करायचं ते सुचतच नाही, मग मागवतो बाहेरून." तेव्हापासून मनात घोळतंय, म्हणून हे पत्र.

1996 साली माझी भंडाऱ्याला बदली झाली. तू तेव्हा जन्मायचा होतास. एका खोलीत मी एकटा, सोबतीला वातीचा रॉकेलचा स्टोव्ह. चार महिने खानावळीत जेवलो आणि पोटाचं दुखणं घेऊन घरी आलो. आजीने तेव्हा एवढंच विचारलं, "खिचडीला किती वेळ लागतो रे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मी कधी केलीच नव्हती.

तुझी अडचण मला कळते. दमलेल्या डोक्याला रात्री विचार करायला लावलं की ते मोबाइलच उचलतं. म्हणून विचार करायचं काम रात्रीवर ठेवूच नकोस. सोमवार, मंगळवार, गुरुवार, एवढे तीनच वार धर. दोन दिवस खिचडी, एक दिवस पिठलं. बाकीचे दिवस बाहेर जेवलास तरी मी विचारणार नाही.

घरात शिरलास की हातपाय धुवून आधी कुकर लाव. अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मुगाची डाळ. मुगाची डाळ भिजवावी लागत नाही, म्हणूनच तुला ती सांगतोय. तुरीच्या नादाला सध्या लागू नकोस. तेलात मोहरी तडतडू दे, मग जिरं, हिंग, हळद, असला तर कांदा. डाळ-तांदूळ परतून तीन वाट्या पाणी आणि मीठ घाल. झाकण लावून तीन शिट्ट्या होऊ दे आणि गॅस बंद करून आंघोळीला जा. बाहेर येईपर्यंत वाफ जिरलेली असते. शिट्टी वर उचलून वाफ काढायची घाई करू नकोस, त्या दहा मिनिटांतच खिचडी मऊ होते. वरून तूप घाल. तुपात कंजूषपणा नको.

पिठल्याला अर्धी वाटी बेसन, दोन वाट्या पाणी. बेसन आधी थोड्या गार पाण्यात कालवून गुठळ्या मोडून घे. माझी पहिली तीन पिठली गुठळ्यांची झाली होती आणि तीही मी खाल्ली. सोबत भाकरी हवी असा हट्ट धरू नकोस, कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून दोन पोळ्या आण.

एक गोष्ट मात्र काटेकोर पाळ. उरलेला भात किंवा खिचडी रात्रभर ओट्यावर ठेवू नकोस, निवली की लगेच फ्रिजमध्ये टाक. तांदळातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. बाहेर राहिलेल्या भातात ते वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं विष सकाळी गरम केलं तरी जात नाही.

एखादा वार चुकला तर पुढचा धर. चुकलेला भरून काढायला दोन दिवस सलग राबू नकोस, त्यानेच कंटाळा येतो.

आईने मेतकूट आणि लिंबाचं लोणचं बांधून ठेवलंय, शनिवारी येशील तेव्हा घेऊन जा. येताना मागचे दोन्ही डबे आण. आणि सोमवारी कुकर लावलास की फोन कर, मला शिट्ट्या ऐकायच्या आहेत.

तुझा,
बाबा