टर्न बरोबर होते

पुणे, रविवार

तीर्थरूप आबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवरच सांगणार होते. पण आबांना आता फोनवरचं नीट ऐकू येत नाही, आणि आई, तू मधेच "जेवलीस का" वर येतेस. म्हणून लिहितेय. आबांना मोठ्याने वाचून दाखव. पुढे तुझंच नाव येईल, तिथे थांबू नकोस.

गेल्या महिन्यात मामांनी चारचौघांत विचारलं, पोरगी इलेक्ट्रिकलला की मेकॅनिकलला? दोन्ही एकत्र आहे म्हटल्यावर म्हणाले, "म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या." मी हसून सोडून दिलं. रात्री आई, तूही विचारलंस, "बाई, हाई नेमकं काय शे?" तेव्हा रोबोटचं काहीतरी सांगून मी वेळ मारून नेली. खरं तर तुला रोबोट सांगायची गरजच नव्हती. हा अभ्यासक्रम आपल्या चोपडा गावातल्या मोटार भरायच्या दुकानात माझ्या जन्माआधीपासून चालू आहे. ओट्यावर तू कॉइल गुंडाळायचीस, आत आबा पुलर लावून बेअरिंग ओढायचे. तुझ्या हाताला तांब्याचा वास, त्यांच्या हाताला ग्रीसचा. इथे त्या दोन वासांना दोन विभाग आहेत, दोन इमारती आहेत आणि मधल्या रस्त्यावरून आम्ही दिवसभर धावत असतो.

डिप्लोमानंतर पाच वर्षं नोकरी करून परत बाकावर बसले, तेव्हा पहिल्या परीक्षेत गणिताने मला चांगलंच लोळवलं. ते तुम्हाला माहीत आहे. पण त्याच सेमिस्टरला सरांनी फळ्यावर दोन समीकरणं शेजारी शेजारी लिहिली होती. एक स्प्रिंगला टांगलेल्या वजनाचं, दुसरं कॉइल, रेझिस्टन्स आणि कपॅसिटर जोडलेल्या सर्किटचं. अक्षरं वेगळी, ठेवण एकच. वजनाच्या जागी कॉइलचा इंडक्टन्स, घर्षणाच्या जागी रेझिस्टन्स, स्प्रिंगच्या जागी कपॅसिटर. भरलेली बैलगाडी जशी एकदम पळवता येत नाही आणि पळती असली तर एकदम थांबवता येत नाही, तसंच कॉइलमधल्या करंटचं. आबा, चालू मोटारीचा स्विच खाडकन पाडला की ठिणगी उडते ती यामुळेच, धावता करंट थांबायला तयार नसतो. तुम्ही त्याला "मोटारीचा राग" म्हणायचात. मी वर्गात ते सांगितलं तर सरांना आवडलं.

आणखी एक. मोटारीच्या पाटीवर १५०० न लिहिता १४४० का लिहितात, असं तुम्ही मला सातवीत विचारलं होतं आणि उत्तर न देता चहा प्यायला निघून गेला होतात. मोटारीचे चार पोल, म्हणजे चुंबकाची टोकं, आणि विजेचे सेकंदाला ५० सायकल म्हणजे आतलं चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेऱ्या फिरतं. रोटर, म्हणजे आतला फिरता भाग, त्याच्या मागे पळतो, पण त्याला गाठत नाही. गाठलंच, तर रोटरच्या सळ्यांमध्ये करंट तयार होणार नाही आणि ओढच संपेल. ते ६० फेऱ्यांनी मागे राहणं म्हणजे स्लिप. जळगाव स्टेशनात मालगाडी ओढत येतं ना, डब्ल्यूएजी-९ इंजिन, त्याला सहा मोटारी असतात, प्रत्येकी ८५० किलोवॉटची. आत तोच पिंजऱ्याचा रोटर, आपल्या पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीत असतो तसा. मला हे कळल्यापासून मी फलाटावर डबा शोधायचा सोडून इंजिनच बघत राहते.

आता जे लिहायला बसले ते.

माझी दहावीची परीक्षा नुकतीच झाली होती. एप्रिल महिना, केळीला पाणी कमी पडत होतं, दुकानात जळलेल्या मोटारींची रांग. तापीकाठच्या एका शेतकऱ्याची पाच हॉर्सपॉवरची मोटार नवी कॉइल भरून तयार होती. आबा, तुम्ही जिनिंगमधली मोठी मोटार बघायला गेला होतात, आणि तो माणूस तर उन्हात उभा. बेअरिंग तेवढं बसवायचं राहिलं होतं, ६२०६ नंबरचं. मी म्हटलं, मी बसवते.

पाइपाचा तुकडा आतल्या रिंगवर टेकवायचा आणि मग ठोकायचं, हे तुम्ही शंभरदा दाखवलं होतं. तो बारका पाइप सापडेना. मी जाडा घेतला. तो बाहेरच्या रिंगवर बसला आणि मी हातोडी मारत गेले. बेअरिंग शाफ्टवर चढलं. बोटाने फिरवून बघितलं, फिरलं. मी झाकणं लावून मोटार जोडली, तुम्ही संध्याकाळी चालवून तपासलीत आणि ती गेली.

दीड महिन्यात ती जळून परत आली. तो माणूस ओट्यावर उभा राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलला. व्होल्टेज म्हणावं तर त्याच डीपीवरची शेजारच्या विहिरीची मोटार ठणठणीत होती. तुम्ही मोटार उघडलीत, जळक्या वॉर्निशचा वास आला, आणि आत न बघताच तुम्ही आईकडे बघितलंत. "टर्न चुकले तुझे," म्हणालात.

आई, तू एवढंच म्हणालीस, "दाणे मोजले होते मी." टर्न म्हणजे कॉइलचे वेढे; तारेच्या दर दहा फेऱ्यांना ज्वारीचा एक दाणा ताटलीत, अशी तुझी मोजणी. त्या रात्री तुम्ही दोघांनी ती फुकटात परत भरलीत. छत्तीसच्या छत्तीस खाचांतली जळकी तार काढताना तुझ्या बोटांना चिरा पडल्या होत्या. पुढच्या महिन्यात आबांनी फेऱ्या मोजायचं मीटर आणून तुझ्या मशीनला लावलं. तू त्या मीटरकडे बघायची नाहीस. मीटर चालू, आणि शेजारी ताटलीत दाणे पडतायत, हे मी कितीतरी वर्षं बघितलं आणि गप्प राहिले.

पाइप चुकीचा होता हे मला तेव्हाही माहीत होतं. पण बेअरिंगचं दुखणं बेअरिंगला आणि कॉइलचं कॉइलला, असं मी धरून चालले होते. तसं धरणं सोयीचं होतं.

गेल्या मंगळवारी लॅबमध्ये सरांनी बेअरिंगं आणली. चांगलं बेअरिंग लावलं तेव्हा स्क्रीनवरची रेघ बारीक थरथरत होती. दुसरं लावलं आणि ठरावीक अंतराने टोकं उठायला लागली. ते त्यांनी मुद्दाम बाहेरच्या रिंगवर ठोकून बसवलं होतं. मग कापून दाखवलं. गोळ्या जिथे टेकतात तिथे रिंगवर ओळीने बारीक खळगे. बाहेरच्या रिंगवर मारलेला घाव गोळ्यांमधूनच आतल्या रिंगला पोचतो, दुसरी वाटच नाही. त्या खळग्यांवरून गोळ्या धावतात, खळगे झिजून मोठे होतात, शाफ्ट खाली बसतो. रोटर आणि त्याच्याभोवतीचा न फिरणारा स्टेटर यांच्यात फट असते जेमतेम अर्धा मिलिमीटर, बहुतेकदा त्याहूनही कमी. ती संपली की रोटर स्टेटरला घासतो, पत्रे तापतात, खाचेतला कागद करपतो आणि कॉइल शॉर्ट होते. वरून बघणाऱ्याला दिसते फक्त जळलेली वायंडिंग.

आणि मला एकदम आठवलं. त्या मोटारीची जळकी तार उपसल्यावर स्टेटरच्या आतल्या पत्र्यांवर, खालच्या एकाच बाजूला, चाटून घेतल्यासारखी चकाकी होती. मीच कापडाने पुसली होती ती.

एवढ्यावर विश्वास बसणार नसेल, तर आबा, फळीवरची लाल पुठ्ठ्याची वही काढा. दिवाळीत मी सहज चाळली होती. मोटार देण्याआधी टाँग टेस्टर, म्हणजे तारेला चिमट्यासारखं लावून करंट मोजायचं यंत्र, लावून तिन्ही फेजचे ॲम्पिअर लिहून ठेवायची तुमची सवय. त्या एप्रिलच्या पानावर त्या गिऱ्हाइकाच्या नावापुढे आर, वाय, बी तिन्हीला सव्वातीन-सव्वातीन लिहिलंय, तुमच्याच अक्षरात. एका फेजचे टर्न कमी-जास्त झाले असते तर ते तीन आकडे सारखे आलेच नसते.

आई, आता वाचायचं थांबवलंस तरी चालेल. आबांना वही काढू दे.

मी शनिवारी सकाळी जळगावला उतरेन, पुढे बसने. आबा, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर वाकून ठोकाठोकी करायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, तेव्हा जी काही बेअरिंगं बसवायची असतील ती मी येईपर्यंत राहू देत. वर्कशॉपमधल्या लेथवर पाइपाचा एक तुकडा कापून घेतलाय. ६२०६ च्या मापाचा, आतून ३१ मिलिमीटर, बाहेरून ३८. बाहेरच्या रिंगला तो लागतच नाही.

तुमची,
लहानी