पिशवी आयुष्यभराची आहे, मुदत मात्र फेब्रुवारीपर्यंतचीच

एडिसन, न्यू जर्सी
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

परवा रात्री तुझा फोन ठेवल्यावर मला बराच वेळ झोप लागली नाही. बोलता बोलता तू म्हणालास की कोब्राचा विमा (नोकरी सुटल्यावर स्वतः हप्ते भरून चालू ठेवलेला कंपनीचा विमा) डिसेंबर २०२६ पर्यंत चालणार आहे, तेव्हा मेडिकेअरचे, म्हणजे पासष्टीनंतरच्या सरकारी आरोग्यविम्याचे, कागद पुढच्या वर्षी निवांत बघू. त्याच वेळी तुला अडवायला हवे होते, पण वहिनी तुला जेवायला हाका मारत होत्या आणि हा विषय दोन वाक्यांत उरकण्यासारखा नव्हता. वालचंदच्या वसतिगृहात परीक्षेच्या आदल्या रात्री तू मला समोर बसवून एकेक गणित सोडवून घ्यायचास. आज मी तुला तसेच बसवतो आहे असे समज आणि हे पत्र शेवटपर्यंत वाच.

पहिली गोष्ट मुदतीची. तू ३० जूनला निवृत्त झालास. पासष्टीनंतरही तू नोकरीत होतास आणि कंपनीचा विमा होता, म्हणून मेडिकेअरचा पार्ट बी, म्हणजे डॉक्टरांचा आणि आपल्या पोटावरच्या पिशव्यांचा खर्च देणारा भाग, इतकी वर्षे घेतला नाहीस, ते योग्यच झाले. नोकरी सुटल्यावर मात्र पार्ट बी दंडाशिवाय घेण्यासाठी आठ महिने मिळतात, आणि ते आठ महिने नोकरी संपल्यापासून मोजतात, कोब्रा संपल्यापासून नव्हे. कोब्राचे हप्ते आपण स्वतःच्या खिशातून भरत असलो, विमा कंपनी तीच असली आणि कार्डही तेच असले, तरी मेडिकेअरच्या लेखी तो ‘नोकरीचा विमा’ धरला जात नाही. म्हणजे तुझी मुदत फेब्रुवारी २०२६ च्या अखेरीस संपते. डिसेंबर २०२६ पर्यंत थांबलास तर अर्जासाठी तुला जानेवारी ते मार्चची सर्वसाधारण नोंदणी गाठावी लागेल, विमा अर्जाच्या पुढच्या महिन्यापासून सुरू होईल, मधला काळ उघडा पडेल आणि पार्ट बीच्या हप्त्यावर दर पूर्ण बारा महिन्यांच्या उशिराला १० टक्के या हिशेबाने वाढ लागेल. ही वाढ एकदाची नसते. पार्ट बी आहे तोवर ती भरत राहावी लागते.

याहून मोठी काळजी मला वेगळीच वाटते. मेडिकेअरला पात्र असलेल्या निवृत्त माणसाच्या बाबतीत आधी मेडिकेअरने द्यायचे आणि उरलेले कोब्राने द्यायचे, असा क्रम आहे. तू पार्ट बी घेतलाच नाहीस तरी कोब्राची योजना असे म्हणू शकते की मेडिकेअरने जेवढे दिले असते तेवढे आम्ही देणार नाही. पिशव्यांचे बिल एखाद्या महिन्यात नाकारले गेले, तर कारण कळेपर्यंत दोन-तीन महिन्यांचा माल तुझ्या अंगावर पडलेला असेल. म्हणून या महिन्यातच पार्ट बीचा सीएमएस-४० बी हा अर्ज भर आणि त्यासोबत जोडायचा सीएमएस-एल ५६४ हा नोकरीच्या विम्याच्या दाखल्याचा फॉर्म जुन्या कंपनीच्या एचआरकडून सही करून घे. सहीला माणसे वेळ लावतात, त्यामुळे तो फॉर्म आधी पाठव.

आता पिशव्यांविषयी. आतड्याचे शस्त्रक्रियेने केलेले तोंड पोटावर आले, की पिशवी, त्वचेला चिकटणारा वेफर, पेस्ट, पट्टा हे सारे आयुष्यभर लागते आणि तुझ्यासारख्या इलिओस्टॉमीवाल्याला, म्हणजे लहान आतड्याचे तोंड पोटावर आलेल्याला, तर एक दिवसही खाडा चालत नाही. हा खर्च औषधांच्या पार्ट डीमध्ये येत नाही, तो पार्ट बीमध्ये येतो. मेडिकेअरच्या कायद्यात कृत्रिम अवयवांची व्याख्या करताना कोलोस्टॉमीच्या (मोठ्या आतड्याच्या तोंडाच्या) पिशव्यांचा आणि त्यासाठी लागणाऱ्या सामानाचा नाव घेऊन उल्लेख केलेला आहे. म्हणजे कायदा या पिशवीला शरीराच्या एका अवयवाची जागा घेणारी वस्तू मानतो. शस्त्रक्रियेनंतर पहिले वर्षभर मी सप्लायरशी फोनवर बोलताना काही भीक मागत असल्यासारखा खालच्या आवाजात बोलत असे. हे वाक्य वाचल्यावर माझा आवाज बदलला. तूही ते मनाशी पक्के धर.

पार्ट बी घेतल्यावर वर्षाची वजावट, म्हणजे सुरुवातीची ठरावीक रक्कम, आधी आपण भरायची, जी २०२५ साली २५७ डॉलर होती, आणि त्यानंतर मेडिकेअरने मान्य केलेल्या दराच्या ८० टक्के मेडिकेअर देते व २० टक्के आपल्याकडे येतात. पार्ट बीचा साधा हप्ता २०२५ साली महिना १८५ डॉलर होता. उत्पन्न जास्त असेल तर तो वाढतो. त्या २० टक्क्यांना वरची मर्यादा नाही, ही गोष्ट नीट लक्षात घे. पिशव्यांचे २० टक्के झेपतात, पण उद्या पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली तर तिचे २० टक्के झेपत नाहीत. त्यासाठी मेडिगॅप नावाचा पूरक विमा असतो आणि माझे तुला सारे सांगणे इथे येऊन थांबते.

वसंता, मी इथे चुकलो. २०१९ साली पासष्टी गाठली तेव्हा माझी प्रकृती ठणठणीत होती, आणि शून्य हप्ता, वर दात, चष्मा आणि व्यायामशाळा अशी जाहिरात पाहून मी मेडिकेअर ॲडव्हान्टेजची, म्हणजे मेडिकेअरच्या जागी खासगी कंपनी चालवते ती, योजना घेतली. दोन वर्षे तिचे काही वाईट वाटले नाही. २०२१ मध्ये गुदाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, कायमची कोलोस्टॉमी आली, आणि मग त्या योजनेचे खरे स्वरूप माझ्यासमोर आले. सप्लायर त्यांच्याच यादीतला हवा आणि ती यादी वर्षागणिक बदलू शकते. एका १ जानेवारीला माझा सप्लायर यादीतून गेला. नव्या सप्लायरकडे माझ्या मापाचा, माझ्या त्वचेला मानवणारा वेफर नव्हता आणि पूर्वपरवानगीचा कागद फिरत असताना मी कपाटातल्या पिशव्या रोज रात्री मोजत होतो. खोक्याच्या झाकणावर मी पेन्सिलीने आकडे लिहीत असे: ११, १०, ९. दोनच उरल्या तेव्हा माझी स्टोमा नर्स (पोटावरच्या तोंडाची, म्हणजे स्टोमाची, काळजी घेणारी) तिच्याकडच्या नमुन्याच्या पिशव्या घरी आणून देऊन गेली. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

मग मी मूळ, म्हणजे थेट सरकारी, मेडिकेअरमध्ये परत येऊन मेडिगॅप घेण्याचे ठरवले. तेव्हा कळले की पासष्टीनंतर पार्ट बी सुरू झाल्या दिवसापासून फक्त सहा महिने असे असतात, ज्यांत मेडिगॅप विकणारी कोणतीही कंपनी आपल्याला आजाराच्या कारणावरून नाकारू शकत नाही किंवा हप्ता वाढवून मागू शकत नाही. पहिल्यांदाच ॲडव्हान्टेज घेतलेल्या माणसाला एका वर्षाच्या आत मागे फिरण्याची सवलत असते. तीही माझ्या हातून गेली होती. माझे सहा महिने मी धडधाकट असताना, काही न कळता संपले होते. तीन ठिकाणी अर्ज केले, तिन्ही ठिकाणांहून प्रश्नावली आली, तिच्यात कर्करोग लिहिला आणि तिन्ही ठिकाणांहून नकार आला. यंदाच्या जानेवारीपासून मी मूळ मेडिकेअरमध्ये आहे, पण पूरक विम्याविना, आणि ते २० टक्के माझ्या डोक्यावर आहेत.

तुझे सहा महिने अजून सुरूच झालेले नाहीत. तुझी इलिओस्टॉमी, तुझा आतड्यांचा क्रोन्स आजार, तुझी फाइल कितीही जाड असली तरी त्या सहा महिन्यांत तुला मेडिगॅप द्यावाच लागतो. यात प्लॅन जी बघ: पार्ट बीची वजावट सोडली तर तुझ्या वाट्याचे २० टक्के तो भरतो. एकाच अक्षराच्या प्लॅनमध्ये सर्व कंपन्यांकडे लाभ सारखेच असतात, फरक फक्त हप्त्यात असतो, त्यामुळे एजंटाच्या वर्णनाला भुलण्याचे कारण नाही. कोब्रा मात्र पार्ट बी आणि मेडिगॅप दोन्ही सुरू होईपर्यंत सोडू नकोस. आधीचा विमा सलग असला म्हणजे जुन्या आजारासाठी मेडिगॅपची कंपनी जी सहा महिन्यांपर्यंत वाट पाहायला लावू शकते, ती लावू शकत नाही. तुमच्या ओहायोमध्ये ओशीप नावाची सरकारी विनामूल्य सल्लासेवा आहे. तिला विकायचे काही नसते, म्हणून निर्णय करण्यापूर्वी तिथे एक फोन अवश्य कर. येत्या १५ तारखेपासून ७ डिसेंबरपर्यंत टीव्हीवर ॲडव्हान्टेजच्या जाहिरातींचा मारा असेल. वहिनींनाही हे पत्र वाचायला दे.

सामानाच्या संख्येविषयी तू विचारले होतेस. खालून रिकामी करता येणारी पिशवी आणि तिचा वेफर साधारणपणे महिन्याला २० पर्यंत मान्य होतात. बंद पिशव्या ६० पर्यंत. उन्हाळ्यात घामाने तुझा वेफर रोज सुटतो असे तू म्हणालास, म्हणजे तुला ३० लागतील. वरचे दहा मिळू शकतात, पण डॉक्टरांनी तपासणीच्या नोंदीत कारण लिहिलेले असले पाहिजे: स्टोमा आत गेलेला आहे, शेजारी घडी पडते, विसर्ग पातळ आहे, त्वचा सोलवटते. नुसते ‘जास्त लागतात’ असे लिहून चालत नाही. पुढच्या भेटीत सोलवटलेल्या त्वचेचे मोबाइलवर काढलेले फोटो घेऊन जा आणि नोंद होईपर्यंत खोलीतून उठू नकोस. सप्लायर निवडताना ‘तुम्ही मेडिकेअरची असाइनमेंट, म्हणजे तिचा मान्य दर, स्वीकारता का’ हा प्रश्न पहिल्यांदा विचार. न स्वीकारणारा सप्लायर मान्य दरापेक्षा जास्त पैसे मागू शकतो. तीन महिन्यांचा माल एकदम मिळतो, पण पाठवण्यापूर्वी सप्लायरला आपल्याशी संपर्क करून विचारावे लागते. तो फोन उचलला नाही तर खोके निघत नाही, म्हणून त्यांचा नंबर नावानिशी जतन करून ठेव. बिल नाकारले तर नोटीस मिळाल्यापासून १२० दिवसांत फेरविचार मागता येतो. मी एकदा मागितला आणि डॉक्टरांची नोंद जोडल्यावर पैसे मंजूर झाले.

एक गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती, म्हणून ती तुला सविस्तर सांगतो. मार्चमध्ये मी घसरून पडलो, खुब्याची शस्त्रक्रिया झाली आणि पुढे काही आठवडे घरी नर्स व फिजिओथेरपिस्ट येऊ लागले. हा सारा खर्च मेडिकेअरच्या होम हेल्थखाली होता. आठवड्याभरात सप्लायरचा फोन आला की तुमचा माल पाठवता येणार नाही. नियम असा आहे की घरी सेवा देणारी एजन्सी जितके दिवस आपल्याला सांभाळते, तितके दिवस पिशव्यांचे पैसेही तिच्याच एकत्रित रकमेत धरलेले असतात, मग नर्स खुब्यासाठी येत असो की पोटासाठी. सप्लायरने बिल लावले तर ते नाकारले जाते. एजन्सीने पिशव्या आणल्या, पण त्या ५७ मिलिमीटरच्या फ्लँजच्या, म्हणजे पिशवी वेफरला अडकवायच्या कड्याच्या. माझी ४४ ची. वॉकर धरून न्हाणीघरात उभा राहून मी तो मोठा वेफर कात्रीने कापला, तरी कड पोटाच्या घडीवर बसेना. पहाटे तीन वाजता चादर भिजली आणि सकाळी कातडी लाल होऊन पाझरत होती. माझ्या मापाचा माल यायला अकरा दिवस गेले आणि मधल्या पिशव्या मी पदरचे पैसे घालून घेतल्या. तुझ्या घरी कधी नर्स येणार असेल, तर पहिल्याच दिवशी कंपनी, माप आणि महिन्याची संख्या लिहिलेला कागद तिच्या हातात दे. सेवा संपली की संपल्याची तारीख लेखी घेऊन सप्लायरला कळव, कारण ती त्यांच्या नोंदीत गेल्याशिवाय त्यांचे बिलही अडते.

जानेवारीत सांगलीला जाण्याचे तुझ्या मनात आहे. मेडिकेअर भारतातला खर्च देत नाही, तेव्हा पिशव्या इथूनच न्यायच्या. मी दिवसांच्या हिशेबाने लागतील त्याच्या दुप्पट नेतो, सगळ्या हातातल्या बॅगेत ठेवतो आणि वेफरची छिद्रे घरीच कापून घेतो, म्हणजे विमानतळावर कात्री काढून घेतली तरी अडत नाही. पण त्याच महिन्यात पार्ट बीचे कागद अर्धवट राहणार असतील तर प्रवास मार्चवर ढकल, एवढे माझे ऐक.

पिशवीवर घालायच्या कापडी कव्हरचे पैसे मेडिकेअर देत नाही. हिने जुन्या मलमलीच्या धोतराची सहा कव्हरे शिवून दिली आहेत. उन्हाळ्यात प्लास्टिक पोटाला चिकटत नाही आणि रात्री आवाज येत नाही. त्यातली दोन नमुन्यादाखल सोबत पाठवली आहेत. वहिनींना म्हणावे, छिद्र मापापेक्षा बोटभर मोठे ठेवा आणि खालची बाजू उघडी ठेवा. एल ५६४ एचआरकडे गेला की मला फोन कर. ४० बी आपण दोघे मिळून भरू.

तुझा,
अरविंद