पोट-यकृताच्या संशोधनासाठी आठवड्याचा एक दिवस द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. कावीळ, जलोदर, रक्ताची उलटी, आतड्याचा क्षय अशा रुग्णांचीही वाण नाही. तरी या आजारांवर इथेच राहून संशोधन करील असा डॉक्टर खानदेशात घडत नाही. मागणी होते ती यंत्रांची. आमच्या मते आधी वेळ हवा: एमडीच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या वर्षापासून आठवड्यातला एक पूर्ण दिवस, ड्यूटीविना. वॉर्ड आणि कॅज्युअल्टी सांभाळून मध्यरात्री भरलेल्या प्रोफॉर्म्यातून (रुग्णाच्या नोंदींच्या तक्त्यातून) संशोधक तयार होत नाही, फक्त थिसिस तयार होतो.

घाईत काय बिघडते ते पाहा. यकृत आतून किती निबर झाले याचा अंदाज फिब-4 या सूत्राने घेतात. एएसटी आणि एएलटी ही यकृताच्या तपासणीत रक्तात मोजली जाणारी विकरे (एन्झाइम). वयाला एएसटीने गुणायचे आणि त्याला प्लेटलेट गुणिले एएलटीचे वर्गमूळ, याने भागायचे. समजा वय 45, एएसटी 60, एएलटी 49, प्लेटलेट दीड लाख. सूत्रात प्लेटलेट हजारांत धरतात, म्हणजे 150. उत्तर 2.57. पण आपल्याकडच्या रिपोर्टवर छापलेले असते ‘1.5 लाख’. एकाने एक्सेलमध्ये 1.5 भरले की उत्तर 257, दुसऱ्याने 150000 भरले की जवळपास शून्य. 257 कुणाच्याही डोळ्यांत खुपते आणि दुरुस्त होते. शून्याजवळचा आकडा मात्र ‘यकृत ठीक’ या रकान्यात गुपचूप जाऊन बसतो.

सातपुड्यातला सिकलसेलचा रुग्ण आला की हे सूत्रच डळमळते. लाल पेशी फुटल्याने एएसटी चढतो, यकृत धडधाकट असले तरी. उलट प्लीहा निकामी झालेल्याच्या प्लेटलेट वाढतात आणि फिब-4 खाली येतो. 1.3 (याखाली यकृत निबर असण्याची शक्यता कमी) आणि 2.67 (याच्यावर जास्त) हे पुस्तकी कटऑफ अशा रुग्णांवरून काढलेले नाहीत. ते इथे किती चालतात, हा नंदुरबारमध्ये बसून सोडवण्याजोगा प्रश्न आहे, आणि त्याला परदेशी यंत्र लागत नाही.

दारूचेही तसेच. ‘कधीमधी घेतो’ ही नोंद कुचकामी. हिशोब ग्रॅममध्ये हवा. 180 मिलीची क्वार्टर, तीव्रता 42.8 टक्के, त्याला 0.79 ने (अल्कोहोलच्या घनतेने) गुणले की सुमारे 61 ग्रॅम अल्कोहोल. फॅटी लिव्हरला (यकृतात चरबी साठण्याला) ‘दारूविना’ म्हणायचे तर पुरुषाचे रोजचे प्रमाण 30 ग्रॅमच्या आणि बाईचे 20 ग्रॅमच्या आत लागते. म्हणजे एका क्वार्टरमध्ये मर्यादा दुपटीने ओलांडली. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या मोहाच्या दारूची तीव्रता तर भट्टीगणिक बदलते, पहिल्या धारेची आणखी वेगळी. ती हायड्रोमीटरने न मोजता ग्रॅम लिहिणे म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

प्रोफॉर्म्यात धान्याचाही रकाना असावा. 1974 च्या अखेरीस राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहालच्या आदिवासी गावांत कावीळ-जलोदराची साथ येऊन शंभरावर माणसे दगावली. घरातले अन्न खाणारी कुत्रीही आजारी पडली होती. कारण निघाले बुरशी लागलेल्या मक्यातले अफ्लाटॉक्सिन हे विष. मका आपल्याकडेही पिकतो, खाल्ला जातो, आणि अवकाळीत भिजतोही. तरी काविळीच्या केसपेपरवर दारू आणि औषधे विचारली जातात, कणगीतला मका कोणी विचारत नाही.

दुसरी मागणी संख्याशास्त्रज्ञाची. तो साधारणपणे शेवटच्या महिन्यात, ‘पी व्हॅल्यू (निष्कर्ष योगायोगाचा आहे का, हे जोखणारा आकडा) काढून द्या’ म्हणायला आठवतो. तोवर हातातून सगळे गेलेले असते. 100 रुग्णांत 30 जणांना फॅटी लिव्हर निघाले, तर खरा आकडा 21 ते 39 टक्क्यांत कुठेही असू शकतो. चूक 5 टक्क्यांच्या आत ठेवायची तर 323 रुग्ण हवेत. एकट्या विद्यार्थ्याला ते झेपत नाही. तिन्ही महाविद्यालयांनी एकच प्रोफॉर्मा, एकच व्याख्या ठरवली तर प्रत्येकी 108 पुरतात, आणि पुढच्या बॅचला त्याच रुग्णांचा पाठपुरावा करता येतो. आज प्रत्येक बॅच नवा विषय काढते आणि जुना थिसिस कपाटात जातो. अर्थात सिनॉप्सिस (अभ्यासाचा आराखडा), आकडेमोड आणि एथिक्स कमिटीची मंजुरी हे सगळे पहिला रुग्ण घेण्याआधी. मागाहून मंजुरी मिळत नसते.

एमबीबीएसच्या मुलांसाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) दोन महिन्यांची एसटीएस ही विद्यार्थी-संशोधन योजना आहेच. त्या मुलांना याच सामायिक विषयात घ्यावे. आणि एकाला सुटी दिली की त्याची ड्यूटी दुसऱ्याच्या माथी पडते, हे धरून रेसिडेंटच्या (निवासी डॉक्टरांच्या) जागा वाढवाव्यात. नाहीतर हा दिवस कागदावरच राहील.

यंत्रांपैकी सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) साठवायला उणे 80 अंशांचा फ्रीझर लागेल. पण त्याआधी जनरेटरवरची स्वतंत्र लाइन घ्यावी. वीज जाऊन वितळलेले आणि पुन्हा गोठलेले सीरम दिसायला ताज्यासारखेच असते, तपासणीत मात्र दगा देते. सीरम अर्ध्या मिलीच्या लहान नळ्यांत वाटून ठेवावे, म्हणजे एका तपासणीसाठी सगळा नमुना वितळवावा लागत नाही. दाराला रजिस्टर अडकवून तापमान सकाळ-संध्याकाळ लिहावे, रविवारीसुद्धा, आणि ते कोणी लिहायचे हे फ्रीझरच्या खरेदीआधी ठरवावे.

– वैद्यकीय महाविद्यालयांतील काही अध्यापक, धुळे व नंदुरबार